पांढरं

कॅमेरा एकच, आम्ही चौघं.
सोमवारी सही करून घ्यायचा, गुरुवारी परत.
बॅटऱ्या दोन. त्यातली एक
म्हाताऱ्या मांजरासारखी,
रात्रभर खाते आणि सकाळी उठत नाही.

ओतार सरांनी सगळ्यात आधी
लेन्सचं झाकण काढायला शिकवलं.
हसू नका, म्हणाले,
माझी पहिली फिल्म अख्खी काळी आली होती
आणि आठवडाभर मी तिला शैली म्हणत होतो.

मग ट्रायपॉड. पातळीच्या नळीतला बुडबुडा
गोलात येईपर्यंत
ग्वान्त्सा श्वास धरून ठेवते,
जणू तिनं सोडला तर तो फुटेल.
मग फोकस: आधी पूर्ण झूम, डोळ्याच्या पापणीवर जा,
पापणी मोजता आली की मागे ये.
माणूस फ्रेममधून गेला तरी
मनात दहा आकडे मोज, मगच थांबव.
मी सहालाच थांबवतो. दर वेळी.

चियातुराला पोचलो तेव्हा पहाटेचे पाच.
इथं डोंगरातून मँगनीज निघतं,
म्हणून कठडे काळे, मांजरं काळी,
दोरीवरची चादर दुपारपर्यंत करडी.
आमचा विषय: लामाराची भट्टी.
जमिनीत पुरलेला मातीचा रांजण, तळाशी निखारे,
ती कमरेपर्यंत आत वाकते
आणि भिंतीला कणीक थापून वर येते.
वय विचारलं की पाव मोजायला लागते.

पडद्यावर सगळंच नारिंगी दिसत होतं,
लामारा, कणीक, झ्वियादचे दात.
व्हाइट बॅलन्स, कोणीतरी पुटपुटलं.
कॅमेऱ्याला रंग कळत नाहीत,
त्याला आधी एक पांढरं दाखवावं लागतं:
हे बघ, याला पांढरं म्हणतात.
मग बाकीचं तो आपलं आपण ओळखतो.

पण पांढरं आणायचं कुठून?
वहीचा कागद चहानं पिवळा,
भिंत धुरानं, खिडकीतला बर्फ खाणीनं.
झ्वियादनं शर्टाची बाही पुढे केली,
आम्ही काही बोललो नाही, त्यानंच मागे घेतली.

काय शोधताय? लामारानं विचारलं.
सांगितलं.
तिनं कोपरापर्यंत पिठानं माखलेला हात
सरळ लेन्ससमोर धरला.
हलू नका, मी म्हटलं, आणि बटण दाबलं.
क्षणभर काही नाही.
मग निखारे लाल झाले,
खिडकीबाहेरची पहाट निळी,
आणि तिच्या स्वेटरला हिरवा रंग होता
हे आम्हाला तेव्हा कळलं.

त्यानंतर ती बोलत राहिली.
वीज नसायची त्या वर्षांतलं:
रोपवे दरीवर मध्येच अडकला,
डब्यात ती, पाळीवर निघालेला एक अनोळखी खाणकामगार,
आणि विकायला नेलेले चाळीस पाव.
सहा तासांत दोघांनी मिळून नऊ खाल्ले.
पैसे द्यायला तो दुसऱ्या दिवशी आला,
तिसऱ्या दिवशीही आला, पैसे देऊन झाल्यावरही.
सांगताना ती हसली नाही, फक्त पीठ झटकलं.

बुधवारी पाहिलं तर त्यातलं काहीच नव्हतं.
मी बटण एकदा जास्त दाबलं होतं:
चालू समजलो तेव्हा बंद,
बंद समजलो तेव्हा चालू.
आमच्याकडे होती अकरा मिनिटं
माझ्या बुटांची, उतारावरून जाताना,
आणि मागून लांब होत जाणारा तिचा आवाज,
अरे, पाव तरी घेऊन जा.

सरांनी अकराच्या अकरा मिनिटं पाहिली.
शेवटी म्हणाले, बूट शार्प आहेत.
आणि पुढच्या सोमवारच्या चिठ्ठीवर सही केली.

पुन्हा गेलो. पुन्हा पाच वाजता.
ती गोष्ट परत सांगाल का, ग्वान्त्सानं विचारलं.
सांगितली की एकदा, लामारा म्हणाली.
लाल दिवा मी तीनदा तपासला.
ती रांजणातून वर आली,
आमच्याकडे पाहिलं,
आणि कोणी मागायच्या आत
हात पुढे केला.
घ्या, म्हणाली, तुमचं पांढरं.

मी मोजत होतो. सात. आठ.