पांढरी

अंबडच्या प्रेसमध्ये चार प्लेटा लागतात:
निळी, किरमिजी, पिवळी, काळी.
पांढऱ्याची प्लेट नसते.
मशीन जिथे टेकलंच नाही
तेवढा कागद म्हणजे पांढरा.

हे मी मंदोदरी मोगलांना समजावत होते.
त्या पिंपळगावहून आलेल्या,
पाच किलोच्या पेटीचं डिझाइन बघायला.
टेबलावर पिशवी, पिशवीत नमुन्याचा घड.
मी कोपऱ्यात एकच हिरवा मणी काढला होता,
खाली बारीक अक्षरात बागेचं नाव,
बाकी सगळं मोकळं.

"एवढी जागा रिकामी? शाई महागली का?"
मग एकेक करून सुचवत गेल्या:
उगवता सूर्य, गोदावरी, रामकुंड,
सासऱ्यांचा फेट्यातला फोटो,
आणि चांदणीत 'एक्स्पोर्ट क्वालिटी'.

मी शेड कार्ड पुढे केलं.
मोती, हस्तिदंती, ताक, चुना…
एकाच रंगाचे अकरा तुकडे.
त्यांनी ताकावर बोट ठेवलं, "हे पिवळंय."
आणि खरंच, चुन्याशेजारी ते पिवळं होतं.
नजर होती बाईंना.

"पांढऱ्याचं मला नका सांगू.
लग्नाच्या वर्षीच गारपीट झाली,
बाग झोपली,
तेव्हापासून मी पांढऱ्या पायाची."
हसत सांगितलं त्यांनी. मला हसता येईना.

काहीतरी करायचं म्हणून मी घडाला हात घातला
आणि त्या ओरडल्याच,
"मण्याला नाही! देठाला धरा!
बोट लागलं की लव जाते."
अंगठा टेकला होता तिथे मणी
गडद, ओला, चकचकीत झालेला.
बाकीच्यांवर ती फिकट साय,
पौषातल्या पहाटे एसटीच्या काचेवर असते तशी.
कोणी लावलेली नव्हे,
पुसायची तेवढी राहून गेलेली.

बराच वेळ नुसता मशीनचा आवाज.

"आमच्यात शेताला काळी म्हणतात,
आणि गाव वसतं तिला पांढरी.
काळीत आम्ही वीतभर जागा सोडत नाही.
पांढरीत मात्र
कोणी पेरत नाही."

प्रूफवर सही केली,
तीही अगदी कडेला.

दारातून पुन्हा वळल्या:
"सासऱ्यांचा फोटो, निदान झाकणाच्या आत?"

टाकला. लहानसा.
भोवती चार बोटं पांढरी सोडून.