दोर

किटुईच्या उतारावरून डिसेंबरातच पाऊस उठून गेला,
अर्ध्या ताटावरून उठलेल्या पाहुण्यासारखा.
शेजारच्या मक्याने आठवड्यात मान टाकली.
ज्वारीने पानांच्या सुरळ्या करून घेतल्या,
धाटांवरची मेणचट पांढरी उन्हाकडे केली
आणि राहिली उभी.

मुथेऊने कणसातला दाणा नखाने दाबला.
दूध सरलं होतं, चीक धरला होता.
"उद्या कापायची."
"वेडी आहेस," मुसेम्बी म्हणाला, "महिन्यात धान्य होईल."
"आणि जुलैत गाय काय खाईल? तुझा शब्द?"

बहीणभावाचं हे भांडण बापाच्या वाटणीइतकं जुनं.
शेवटी बकरीचा दोर सोडून आणला,
शेताच्या मधोमध ताणला.
अलीकडे त्याचं धान्य, पलीकडे तिचा मुरघास.
मोकळी बकरी तेवढ्यात बांधावरच्या कोवळ्या फुटव्यांकडे निघाली.
"धरा तिला! किराळ लागेल!"
दोघं एकदम ओरडले.
त्या दिवसात एकमत झालं ते एवढंच.

तिने बोटबोटभर तुकडे केले,
कमरेइतक्या खड्ड्यात काळं प्लास्टिक अंथरलं,
काकवीचं पाणी शिंपडलं, पोरांना आत सोडलं:
नाचा, नाचा, हवा राहता कामा नये.
वर माती. मातीवर मॅटाटूचं फाटकं टायर.
"पुरलीस की जिवंत," मुसेम्बी मचाणावरून म्हणाला.

त्याच्याकडे लाल चोचीची पाखरं आली,
एकदा धुरासारखी, मग रोज.
डबा बडवून हात गेले, हाका मारून घसा.
तरी सहा पोती निघाली.
एक तिच्या दाराशी टेकवून गेला,
थांबला नाही.

ऑगस्टात नदी नुसती वाळू.
मुथेऊने खड्ड्याचा कोपरा उघडला.
वरचा वीतभर थर काळा पडलेला, तो फेकला.
खाली शेवाळी पिवळं, हाताला कोमट,
ताकाच्या मडक्यात तोंड घातल्यासारखा वास.
गाय आधी मागे सरली,
मग शिंगांसकट टोपलीत शिरली.

मुसेम्बीने चिमूटभर उचललं, हुंगलं,
जिभेवर ठेवलं, थुंकला.
मागे बादलीत धारा वाजत होत्या.
"ऑक्टोबरात," तो म्हणाला,
"दोर जरा माझ्याकडे सरकव."
"किती?"
"दोन काकऱ्या."
गायीकडे पाहिलं.
"चार."