ठिपक्याचं वय

भरडाई साडेआठला थांबते,
मग व्होल्टेज जागेवर येतं.
म्हणून आमची बैठक राइस मिलमध्ये.
धानाच्या पोत्यांवर तिघं,
वजनकाट्यावर लॅपटॉप
(दोन किलो शंभर, चार्जरसकट)
आणि छपरावर, बांबूच्या टोकाला
यादोरावांनी हाताने वळवलेला अँटेना.
बांबू यंदाचा आहे. मागचा वाळवीने नेला.

हे नकाशाचं सॉफ्टवेअर आम्ही विकत नाही.
त्याच्या पोटातल्या सगळ्या तारा उघड्या,
कुणीही यावं, बोट घालावं.
फिनलंडच्या एकाने बर्फातल्या रस्त्यांना वेगळा रंग मागितला, दिला.
पेरूच्या बाईने तीन चुका काढल्या,
चौथी आमची नव्हती, तिने तीही दुरुस्त केली.
आम्ही मामा तलावांसाठी खूण घातली.
आजवर कुणी विचारलं नाही, कुणाचा मामा.

करिश्मा कोडापे नव्या आवृत्तीची यादी वाचते.
एक, नकाशा इंटरनेटवाचून चालला पाहिजे.
इथला टॉवर वारा बघून झोपतो.
दोन, देवनागरी.
ब्रह्मपुरी लिहिलं की ह एकीकडे, म एकीकडे,
बांधावरून भांडल्यासारखे.
तीन, जुना कोड. माझा. सहा वर्षांपूर्वीचा.
त्यात एका ओळीवर मी लिहून ठेवलंय,
हे का चालतं माहीत नाही, हात लावू नये.
"सर, हात लावायचाय."
मी पोत्यातला एक दाणा काढून
सोलत बसतो.

चारवर यादोराव थांबवतात.
बत्तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढलेला माणूस,
बोलताना अजून वर बघतो.
"तो ठिपका."

प्रत्येक सेट आपलं ठिकाण पाठवत राहतो,
नकाशावर ठिपका उमटतो.
तीस मिनिटं काही आलं नाही
की आम्ही तो पुसतो.
तीस हा आकडा मी ठरवला.
का, ते आठवत नाही.
बहुधा जेवायची वेळ झाली होती.

मागच्या भादव्यात वैनगंगा चढली त्या रात्री
त्यांचा भाचा डोमा, हातात सेट घेऊन,
डोंग्यातून पल्याडच्या टोलीवर गेला.
अकरा दहाला ठिपका होता.
अकरा चाळीसला नुसती नदी,
स्वच्छ निळी,
तो निळा मीच निवडलेला, तीन निळ्यांतून.
यादोराव पहाटेपर्यंत काचेवर बोट फिरवत होते,
इथं होता ना? का इथं?
आणि नकाशा जणू विचारत होता,
कोण?

सकाळी डोमा शाळेच्या स्लॅबवर सापडला.
बॅटरी संपलेली. सोबत दोन बकऱ्या,
पोषण आहाराचं अर्धं पोतं
आणि मुख्याध्यापक, झोपलेले.

"ठिपका पुसला म्हून मानूस पुसल्या जाते का, बाप्पा?"

करिश्मा लिहून घेते.
पुसायचा नाही. फिका करत न्यायचा.
शेजारी लिहायचं, किती वेळापूर्वी.
मी म्हणतो, नकाशा जुन्या ठिपक्यांनी भरेल,
जड होईल.
"किती जड?" ती विचारते,
आणि काट्याकडे बघते.

यादी परत लिहिली. चारचं एक झालं.
बाकीचं खाली सरकलं, फिनलंडसकट.
अजून निर्णय नाही, पेरूला सकाळ झाली की कळवू,
असं मी म्हणालो खरा,
पण तेव्हा तिथं सकाळच होती.

कोड लिहायला उन्हाळा लागेल,
तपासायला पुढचा पावसाळा.
तोवर जुनीच आवृत्ती, जुनाच नियम.
तोवर यादोराव, नदीला पाणी असलं की,
दर पंचवीस मिनिटांनी बटण दाबून
डोमाला हाक मारतात.
काम काही नसतं.