शिल्लक

सोळा वर्षं झाली, कात्री तीच आहे.
मंगळवार पेठेतला दवाखाना, खिडकी क्रमांक दोन,
जाळीला हात जाईल एवढं भोक.
पलीकडून चिठ्ठी येते, अलीकडून गोळ्या जातात,
चेहरा बघायचा तर मान वाकवावी लागते,
दोघांनाही.

पट्टी कापायची म्हणजे असं होतं:
नाव एका टोकाला छापलेलं, मुदत दुसऱ्या.
दहाच्या पाच-पाच केल्या
की एकाला कळतं काय घेतोय,
दुसऱ्याला कळतं कधीपर्यंत.
पूर्वी मी कापत नसे.
महिन्याच्या तीस, तीन अख्ख्या पट्ट्या, रबर लावून.

मार्चअखेर परिपत्रक आलं.
अडीच पानं. ‘सुसूत्रीकरण’ चार वेळा.
मी मोजलं, मोजायचाच पगार घेते.
निधीला कात्री, असं त्यात कुठंही नव्हतं.
ते पेपरात होतं.
आणि इथं, ड्रॉवरमध्ये.

तीसच्या पंधरा झाल्या.
जूनपासून आठवड्याला पाच,
वार सात असले तरी.
आणि फिटच्या, थायरॉइडच्या गोळ्यांपुढं
एक निळा शिक्का: बाहेरून घ्यावे.
अनुसया ओव्हाळनं विचारलं,
‘बाहेर म्हंजी स्टेशनाकडं का, मॅडम?’
तिच्या पोरीला फिट येतात, शाळेतून घरी पाठवतात.
म्हटलं, हो, पुढच्या कोपऱ्यावर मिळतील.
किंमत मला माहीत होती.
तिनं चिठ्ठीची घडी केली, बारीक, आणखी बारीक,
आणि बटव्यात ठेवली, वीजबिलाच्या पावतीशेजारी.

बालेचाँद शिकलगार जुन्या बाजारात बसायचे,
बुधवारी आणि रविवारी,
पान्हे, बिजागऱ्या, मुठी नसलेले विळे घेऊन.
त्यांना बीपीची.
ऑगस्टात विचारलं, रोज घेता ना चाचा?
‘घेतो की. बुधवारी, रविवारी.’
आणि बाकीचे दिवस?
‘बाकी दिवस काय, पडूनच असतो.
पुढच्या खेपेला तुमची खिडकी बंद असली तर?’
मी ओरडले त्यांच्यावर. सगळी रांग ऐकत होती.
त्यांनी जाळीतून हात घातला, माझी कात्री उचलली,
पात्यावरून आडवा अंगठा फिरवला.
‘धार गेलीय. एखादी गोळी फुटंल अशानं.’
संध्याकाळी परत आणून दिली, पैसे घेतले नाहीत.
तेव्हापासून ती आवाज न करता कापते.

काल खातुनबी आल्या. चिठ्ठी नव्हती.
कापडी पिशवी भोकातून आत सरकवली, म्हणाल्या,
‘उरल्यात. कुणाच्या तरी कामी येतील.’

दिलेलं औषध परत घेता येत नाही.
नियम बरोबरच आहे, मीच तो नवीन मुलींना शिकवते.
तरी तुकडे टेबलावर ओतले, पालथे केले, मुदत शोधली.
दोनांवर सापडली.
बाकीच्यांची ती बाजू मीच दुसऱ्या कुणाला दिली होती.
काठ ओळखीचे.
आधीचे चावल्यासारखे,
नंतरचे सरळ, लखलखीत.

तेवीस.
पुन्हा मोजल्या. तेवीसच.

साठ्याच्या वहीत आवक आहे, जावक आहे, शिल्लक आहे.
शिल्लकमध्ये तेवीस दाखवल्या असत्या
तर वर कुणीतरी वाचलं असतं:
मागणी कमी दिसते.
पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

हात अजून जाळीतच होता, तळवा वर.
मला वाटलं त्यांना काही विचारायचंय.
‘पिशवी द्या,’ म्हणाल्या, ‘बाजाराची आहे. त्यांची.’

मागून कुणीतरी म्हणालं,
ओ मावशी, सरका पुढं.