ओंडक्याच्या टोकावरची खूण

केमीच्या वाचनालयात दर गुरुवारी
मी म्हाताऱ्यांना माऊस धरायला शिकवायचे.
बहुतेकांना नातवंडांचे फोटो बघायचे असायचे,
एकाला बोटीचा जुना पंप विकायचा होता.
ताइस्तो रुओकामो म्हणाला, मला पान हवंय.
कसलं पान?
माझं.

बाहेर उणे एकवीस. त्याच्या टोपीवरचा बर्फ
वितळून कीबोर्डवर ठिबकत होता.
मी पुसत होते, आणि तो दोन बोटांनी,
फळीत खिळे ठोकावेत तसं,
आपलं नाव लिहीत होता.
नाव झालं. थांबला.
आता काय लिहितात?
मी म्हटलं, ज्याला जे वाटेल ते.
तो जरा रागावलाच. एवढी मोकळीक
त्याला आयुष्यात कुणी दिली नव्हती.

तीस-बत्तीस वर्षं त्याने नदीत ओंडके सोडले.
प्रत्येकाच्या टोकावर हातोडीने ठोकलेली खूण:
त्रिकोण, कोंबडीचा पाय, उलटा सात.
वरच्या रानांतून सगळे एकाच पाण्यात पडायचे,
एकमेकांवर चढायचे, अडायचे, सुटायचे,
आणि खाली, समुद्राच्या तोंडाशी,
लांब आकड्या घेतलेली माणसं
टोक बघून सांगायची, हा कुणाचा.
खूण नसलेला कुणाचाच नाही, तो म्हणाला,
तो बुडायचा, नाहीतर चुलीत जायचा.
एवढंच बोलला.
मीही खोदून विचारलं नाही.

पानाला त्याने पिवळा रंग निवडला, डोळ्यांत खुपणारा.
फिका घ्या, मी म्हटलं.
नको, धुक्यात दिसला पाहिजे.
मग त्यावर एकेक येत गेलं.
सौनाचं तापमान, रोजचं.
सगळ्या खुणांची चित्रं, माऊसने काढलेली, थरथरती.
बायकोच्या माशांच्या सुपाची कृती,
आणि तिच्याखाली: मीठ किती ते तिलाच माहीत होतं.
आजवर पाळलेले कुत्रे, क्रमाने, सात.
तळाशी फावडं मारणारा चिमुकला माणूस,
काम चालू आहे.

त्या माणसाशेजारचा आकडा पाहुण्यांचा.
एप्रिलअखेर एकेचाळीस.
त्यातले तीस तो स्वतःच,
आपल्याच दाराची कडी वाजवून बघणारा.
दहा मी. कबूल करते.
राहता राहिला एक.

मे महिन्यात, नदीवरचा बर्फ फुटला त्या आठवड्यात,
पत्र आलं. ना नमस्कार, ना खुशाली.
'तिसऱ्या कुत्र्याचं नाव चुकलंय.
रेमू नव्हे, रेक्कू.
रेमू शेजाऱ्यांचा. ओइवा.'

ताइस्तोने ते चारदा वाचलं.
चष्मा पुसला. पाचव्यांदा वाचलं.
ओइवा म्हणजे धाकटा भाऊ.
स्वीडनला मोटारींच्या कारखान्यात गेला,
आईला पोचवायलाही आला नाही,
आणि मग तेवीस वर्षं दोघांनी
अबोल्याला अशी कडक इस्त्री केली
की घडी मोडायची कुणाची छाती होईना.

दुरुस्त करू या? मी म्हटलं. मिनिटाचं काम.
त्याने माझा हात माऊसवरून बाजूला केला.
राहू दे चुकलेलं.
सुधारलं तर तो पुन्हा कशाला लिहील?

पुढच्या गुरुवारी आल्या आल्या
त्याने पाचव्या कुत्र्याचंही नाव बदललं.
धडधडीत खोटं. हसतही नव्हता.

मला विचाराल, तर माझं पान नाही.
एकदा रात्री वाचनालय बंद केल्यावर बसले होते,
नाव लिहिलं, रंगही निवडला, निळसर.
पुढे हात चालेना.
कोणती चूक करून ठेवावी,
आणि ती वाचून कोण, कुठून,
चिडून का होईना,
नाही म्हणायला येईल,
ते काही केल्या आठवेना.