मागे काय आहे

थंडर बे, फेब्रुवारी. वाचनालयातल्या
तीन नंबरच्या संगणकावर
मार्लिस कोवालचुक जाहिरात पुन्हा वाचते:
व्यवस्थापक हवा. नेतृत्व, समन्वय, दूरदृष्टी, बजेट.
पुतण्या म्हणाला होता, सगळे शब्द कोंब,
आधी यंत्र वाचतं, माणूस नंतर.

कोंबले.
अर्ज फुगला, आणि त्यात ती कुठे दिसेना.

मग एकेक शब्द उचलून ती विचारते,
तुझ्यामागे काय आहे?
समन्वय: गव्हाच्या कोठारावर रात्रपाळीची अकरा माणसं,
त्यातली दोन भांडलेली,
धक्क्याला जहाज खोळंबलेलं.
उजाडायच्या आत भरलं.
नेतृत्व: पट्ट्यात बाही अडकली तेव्हा
आधी बटण बंद केलं, मग आवाज चढवला.
हे राहू दे.

दूरदृष्टी खोडते.
सरोवरावर धुकं उतरलं
की तिला पलीकडचा धक्कासुद्धा दिसत नाही.

बजेटपाशी अडते.
तसं कधी केलं नाही; फक्त
हातमोज्यांचे आठ जोड
अकराजणांना महिनाभर पुरवले.
तेवढंच लिहिते, आकड्यांसकट.

ग्रंथपाल दिवे मालवू लागते.
मार्लिस ‘पाठवा’ दाबते, टोपी कानांवर ओढते.
बाहेर उणे एकवीस.
गाडीची किल्ली तीनदा फिरवावी लागते.