डाग

चाकू निखाऱ्यात लाल करायचा,
तुटक्या पट्ट्याची दोन टोकं त्याला टेकवायची,
प्लास्टिक पाघळलं की एकमेकांवर दाबून धरायची
आणि दहापर्यंत मोजायचं.
एवढंच माझं कसब.
वास मात्र जात नाही शालीतून, केसांतून,
इंजेरा मोडताना बोटांनाही तोच.

त्या वर्षी नदीच्या अलीकडे जेब्हाचे होते,
पलीकडे शाबियाचे.
नदी म्हणजे काय, दहा महिने नुसती वाळू.
दोघांना एरित्रियाच हवा होता,
दोघांचा वैरी एकच, अदिसहून येणारा,
दोघांच्या पायात तीच काळी प्लास्टिकची चप्पल.
सकाळी झऱ्याभोवती ठसेच ठसे.
म्हातारा हमदनूर,
जो पावलावरून उंट ओळखतो, उंटाचा मालक ओळखतो,
मालकाचं बायकोशी भांडण झालंय तेही ओळखतो,
तो त्या ठशांपाशी उकिडवा बसायचा
आणि काठी टेकून उठायचा.
"माणसं आहेत," म्हणायचा.
"पुढचं वाचता येत नाही."

ओक्बाझगी आला ती दुपार होती.
जेब्हाचा. मिसरूड जेमतेम फुटलेलं.
डावा पट्टा अंगठ्यापाशी तुटून अर्धा हरवलेला.
माझ्याकडे काळं प्लास्टिक संपलेलं,
म्हणून निळ्या कॅनचा तुकडा कापून डाग दिला.
काळ्यावर निळा, बोटाएवढा.
पाय पुढं करून हसला,
"बरं झालं, आता तुकडीत कुणी चोरणार नाही."
कॉफीचा तिसरा कप आशीर्वादाचा असतो.
तो दुसऱ्यावरच उठला,
बाहेर कुणीतरी शीळ घातली होती.

मग तीन रात्री नदीतून आवाज.
आम्ही विमानांना सरावलेली माणसं,
घरघर आली की कुठल्या घळीत शिरायचं
हे शेळ्यांनाही पाठ.
पण हे वरून नव्हतं येत,
आणि दोन्हीकडून आपल्याच भाषेत येत होतं.
पाणी मागत होते. आईला हाका मारत होते.
एकमेकांना शिव्या घालत होते त्याही घरातल्या,
आज्यांच्या तोंडच्या,
अदिसच्या शिपायाला ज्या कधी कळल्याही नसत्या.
चौथ्या दिवशी झऱ्यावर कुणी गेलं नाही.
पाचव्या दिवशी तहान लागली, गेलो.

अकरा दिवसांनी एक पोरगी आली.
लेतेकिदान. शाबियाची. केस मुलासारखे कापलेले,
बंदूक दाराशी नीट उभी करून ठेवली.
"मावशी, उजवा पट्टा."
मी डाव्याकडे बघत होते.
"दोन बोटं मोठी आहे तुला."
"मिळाली."
चाकू तापत होता.
मग तीच म्हणाली, "नदीत पडली होती, पाण्यात."
पाणी!
वाळू ढोपरापर्यंत कोरडी होती त्या दिवसांत.
मी पट्टा दाबून धरला. मोजायला लागले.
सातावर विसरले, पुन्हा एकपासून धरलं.
तिनं तिन्ही कप घेतले, नीट, मान खाली घालून,
आणि तिसरा संपला तरी
कपाच्या तळाकडे बघत बसली.
एकोणीस वर्षांची असेल.
जाताना म्हणाली, मजबूत झालाय.
मी म्हटलं, डावाही मजबूत आहे.

पुढल्या वर्षी जेब्हा हरले.
सुदानच्या हद्दीकडे चालत निघाले, सगळे, आमच्या गावावरून,
शाबियाचे मागून गोळ्या घालत होते
आणि एकदा दोघांवरही विमान आलं,
तेव्हा सगळे एकाच घळीत निजले,
उठून पुन्हा आपापल्या कामाला लागले.

मी दारात बसले होते, निखारे फुलवून.
कुणी थांबलं नाही.
पायच पाय जात होते.
चपला मी बघतच नव्हते,
ज्याच्या पायात काही नसेल
त्याच्याच तोंडाकडे मान वर करून बघत होते,
अंधार पडेपर्यंत.

अनवाणी पुष्कळ होते.